आधी लिही, मग खोल

प्रिय पोरा,

तुझ्या लांबलचक मेसेजमध्ये खरा प्रश्न एकच आहे. जुने पार्ट विकायच्या धंद्यासाठी तू तीन स्प्लेंडर मोटरसायकली खोलल्या आहेस, शेडात पोत्यांनी पार्ट पडलेत, गिऱ्हाईक दारात येतंय, तरी पैसा दिसत नाही. मग विचारतोस, दुकान रस्त्यावर घेऊ का, भाव पाडू का, ऑनलाइन टाकू का. यातलं काहीच नको. तुझे पार्ट वाईट नाहीत. ते कुठल्या गाडीचे, कुठल्या सालचे आणि उतरवताना कसे होते, हे तुलाच सांगता येत नाही. म्हणून गिऱ्हाईक भंगाराचा भाव सांगतं आणि तू देऊन टाकतोस.

आधी लिही, मग खोल. या धंद्यातला नफा पान्यात कमी आणि वहीत जास्त आहे.

गाडी शेडात आली की पहिल्यांदा ती चालू करून बघ. इंजिन गरम झाल्यावर कान दे: टायमिंग चेनची खडखड वेगळी, कनेक्टिंग रॉडची ठकठक वेगळी. सगळे गिअर टाकून बघ, एखादा सुटतोय का. बॅटरीच्या टोकांना मल्टिमीटर लाव. रेस दिल्यावर 13.5 ते 14.5 व्होल्टच्या आसपास आकडा स्थिर राहिला तर चार्जिंग कॉइल आणि रेग्युलेटर दोन्ही विकण्याजोगे. प्लगच्या जागी इंजिनातला दाब मोजणारं कॉम्प्रेशन गेज लाव, थ्रॉटल पूर्ण उघडा धर, किक मार, आकडा लिही. प्लगला ठिणगी देणारं सीडीआय युनिट एकदा सुटं झालं की ते चालतं हे तू कशावर दाखवणार? ‘चालू गाडीवरून काढला’ ही एक ओळ आणि चालू इंजिनाचा मोबाईलवरचा व्हिडिओ, यावरच त्याची किंमत ठरते. ही तपासणी खोलल्यानंतर करता येत नाही.

मग खोलायला घे. बॅटरीची निगेटिव्ह वायर पहिली. पेट्रोल उघड्यावर कॅनमध्ये काढ, शेडात नको. ऑइल इंजिन कोमट असतानाच सोड. डिस्क ब्रेक असेल तर त्यातलं ऑइल टाकीवर सांडू देऊ नकोस, रंग उचलतं. वायरिंगचा एकेक कनेक्टर काढण्याआधी फोटो. हार्नेस, म्हणजे वायरिंगचा सगळा जुडगा, कापून काढायचा नाही. अखंड हार्नेसला गिऱ्हाईक आहे, कापलेल्याला फक्त तांब्याचा भाव. साइड कव्हरचे स्क्रू लांबीने वेगवेगळे असतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्याच्या त्याच्या जागी टोचून ठेव. अडकलेल्या स्क्रूवर इम्पॅक्ट ड्रायव्हर मार, साध्या स्क्रूड्रायव्हरने डोकं घासलं की तासभर गेला. इंजिनावरचं मॅग्नेटचं चाक पुलरनेच, म्हणजे ओढून काढायच्या हत्यारानेच काढ. क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या खोक्याच्या, जोडात स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलंस तर तो जोड पुढे ऑइल गाळणार आणि केस परत येणार. प्लास्टिकच्या हातोड्याने कडेकडेने ठोक, सुटतं की! यामाहाचा उजवा आरसा उलट्या आट्यांचा असतो, जोर लावून तोडू नकोस.

प्रत्येक पार्टला तारेने चिठ्ठी. तीवर मॉडेल, उत्पादनाचा महिना-साल, चासी नंबरचे शेवटचे पाच आकडे, डावा की उजवा, तपासणीत काय आढळलं, आणि ज्याच्या खाली द्यायचा नाही तो भाव. कंपनीचा पार्ट नंबर सापडला तर तोही. गोकाक-बैलहोंगलचं गिऱ्हाईक कन्नडात विचारेल, चंदगडचं मराठीत. नंबर दोघांचा एकच. पल्सरच्या काट्याच्या मीटरची आणि डिजिटल मीटरची सॉकेट वेगळी. कार्बोरेटरच्या गाडीच्या टाकीला खाली कॉक असतो, फ्युएल इंजेक्शनच्या गाडीच्या टाकीत पेट्रोल ढकलणाऱ्या पंपाची जागा. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस 6, म्हणजे धुराच्या नव्या नियमांतल्या, स्प्लेंडरला इंजेक्शन आलं, तिचा पार्ट जुन्या पोत्यात पडला की गोंधळ ठरलेला. तुझं पोतं नेमकं असंच भरलंय, आणि मला याचाच राग येतो. हात चांगला आहे तुझा, आणि तो तू वजनावर विकतोयस.

गाडी कुठे फिरली तेही लिही. खानापूर-जांबोटीच्या पावसातली असेल तर टाकीत टॉर्च मारून तळ गंजलाय का बघ. गोव्याकडची बाहेरून चकचकीत दिसली तरी कनेक्टर उघडून बघ, आत हिरवे झाले असतील. चिकोडी-रायबागला दुधाचे कॅन लादून फिरलेली असेल तर मागचे शॉक, मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचे बुश आणि रिम आधी तपास. यामाहाच्या आरएक्स 100 चं उत्पादन 1996 ला थांबलं, म्हणून तिचं मूळ हेड, ब्लॉक, कार्बोरेटर यांना मागणी आहे. पण मूळ असल्याचा पुरावा तुझ्या वहीतच असणार, दुसरीकडे कुठे? बीएस 4, बीएस 6 गाडीचा सायलेन्सर लोखंडाच्या वजनावर देऊ नकोस, त्यातल्या धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये मौल्यवान धातू असतात.

खरेदीचा हिशोबही आधीच लिहायचा. इंजिन, टाकी, दोन्ही चाकं, कार्बोरेटर, मीटर एवढ्यांत गाडीची किंमत निघत नसेल तर गाडी सोड. बाकीचे पार्ट वर्षभर रॅकवर बसतात, त्यांच्या भरवशावर पैसे गुंतवायचे नाहीत.

ब्रेक शू, पॅड, ब्रेक केबल, जुने टायर, तडा गेलेलं अलॉय, वाकलेला फोर्क: हे मी विकत नाही, तूही विकायचं नाहीस. टायरवरचे चार आकडे आठवडा आणि साल सांगतात, 1419 म्हणजे 2019 चा चौदावा आठवडा. लोक म्हणतात, हा हट्टी, हातातलं गिऱ्हाईक घालवतो. घालवतो. स्वस्तात ब्रेक शू मागणारा माणूस घाटात उतरणार असतो, आणि त्या पार्टवर माझी चिठ्ठी असते. यावर माझ्याशी वाद घालू नकोस.

बॅटरी आणि काळं ऑइल अधिकृत घेणाऱ्यालाच दे, गटारात ओतायचं नाही. आयुष्य संपलेल्या गाड्यांसाठी 2021 पासून नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रांचे नियम आहेत. धंदा वाढवायचा असेल तर त्या चौकटीत ये. तिथून निघालेले पार्ट बिलावर घेऊन विकणं हाही चांगला रस्ता आहे.

वहीचं पहिलं पान मात्र कागदांचं. आरसी, विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत, सहीची पावती. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म 35. गाडी कायमची निकामी झाली की मालकाने 14 दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते, मोटार वाहन कायद्याचं कलम 55. ते त्याच्याकडून करून घे, तोंडी भरवसा नको. चोरीचा माल घेणं आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 मध्ये येतं आणि ‘मला माहीत नव्हतं’ म्हणताना हातात वही लागते.

एमएच 09, म्हणजे कोल्हापूर पासिंगची चौथी गाडी अजून अखंड आहे म्हणतोस. तिला हात लावू नकोस. हँडलच्या मुळाशी तारेचा ब्रश मारून चासी नंबर उघडा कर, आरसीशी एकेक अक्षर ताडून बघ. ग्राइंडरची खूण दिसली तर गाडी जिथून आणलीस तिथे परत. नंबर जुळला तर चासी नंबर, इंजिन नंबर आणि आरसीचे फोटो मला पाठव. ते बघून पुढचं सांगतो.

तुझा काका