'माल': डोंगर की कसर?

अल्बेनियन भाषेत 'माल' म्हणजे डोंगर आणि स्वीडिशमध्ये 'माल' म्हणजे कपडे खाणारी कसर. दोन्ही भाषा एकाच इंडो-युरोपीय कुळातल्या, मग हे शब्द एकाच मुळातले का, असा प्रश्न आहे.

नाहीत. स्वीडिश शब्दाचं मूळ सहसा जर्मानिक कुळातल्या 'दळणे' या अर्थाच्या धातूशी जोडतात. स्वीडिशमध्ये दळणे म्हणजे 'माला', पीठ म्हणजे 'म्यॉल'. लॅटिनमध्ये जात्याला 'मोला'. कसर लोकरीचं पीठच करते, त्यामुळे नाव चपखल आहे. शब्द जुनाही आहे: चौथ्या शतकातल्या गॉथिक (आता लुप्त झालेली जर्मानिक भाषा) बायबलात कसर 'मालो' म्हणून येते, आणि डॅनिशमध्ये ती 'म्योल' होते. आपल्या डांबरगोळीला स्वीडिश लोक 'मालकूला' म्हणतात, म्हणजे सरळ कसरीची गोळी. (स्वीडनच्या नद्या-तळ्यांत 'माल' नावाचा मिशाळ मासाही असतो. तो वेगळा, त्याला कपाटात शोधू नये.)

अल्बेनियन 'माल'चे सोयरे दुसरीकडे सापडतात. रोमानियनमध्ये 'मल' म्हणजे नदीचा काठ, लाटवियनमध्ये 'माला' म्हणजे कड, किनारा. काठ, कड, उंचवटा, डोंगर अशी अर्थाची चढण सहज समजते. मॉन्टेनेग्रो देशाचं अल्बेनियन नाव 'माली इ झी', म्हणजे काळा डोंगर. उत्तर अल्बेनियातला डोंगराळ मुलूख 'मालसिया' आणि तिथला डोंगरी माणूस 'मालसोर'.

इथे मराठी वाचकाला मलयगिरी आणि कर्नाटकातला मलेनाडू आठवणारच. अर्थही तोच, डोंगर! पण हा 'मलै' द्राविडी आहे, संस्कृतातला 'मलय' त्यावरूनच आला. अल्बेनियन डोंगराशी त्याचं नातं लावणं मोहक असलं तरी त्याला आधार नाही. दोन-तीन ध्वनींचे शब्द जगभर योगायोगाने जुळतात; नातं ठरवायला शेजारच्या भाषांतली भावंडं आणि ध्वनिबदलांचे नियम लागतात.

खरं नातं भलतीकडेच आहे. अल्बेनियनमध्ये शेवटचा 'ल' जड उच्चारून, लिहिताना दोन एल वापरून, आणखी एक 'माल' होतो. त्याचा एक अर्थ ओढ, आठवणीची हुरहूर. दुसरा अर्थ विकायच्या वस्तू, मालमत्ता. हा दुसरा मूळचा अरबी, तुर्कीमार्फत तिकडे पोचलेला. तोच फारसीमार्फत आपल्याकडे आला. अल्बेनियाची राजधानी तिराणाच्या बाजारातला 'माल' आणि आपल्या मार्केट यार्डातला माल हे सख्खे.