कोलीन सुरू करताय? आधी एवढं बघा

कोलीन म्हणजे मेंदूला लागणारं एक पोषकद्रव्य; स्मरणशक्ती आणि लक्ष सुधारावं म्हणून काहीजण त्याच्या गोळ्या घेतात. तुम्हीही एकदम तीन वेगवेगळ्या बाटल्या मागवल्यात ना, त्यातली एकच उघडा. सगळं एकत्र सुरू केलं की डोकं कशाने दुखलं आणि लक्ष कशाने लागलं, काहीच कळत नाही. मी हाच घोळ घातला होता. महिनाभर वहीत नोंदी, हाती शून्य.

सुरुवातीला सिटीकोलीन (कोलीन देणाऱ्या गोळ्यांचा एक प्रकार) बरं. २५० मिलिग्रॅम, सकाळी. संध्याकाळी घेतलं तर काहींची झोप उडते, आणि झोप गेली की स्मरणशक्तीच्या गप्पा कशाला!

लेबल नीट वाचा. अल्फा-जीपीसी या दुसऱ्या प्रकाराच्या वजनात कोलीन साधारण ४० टक्के, सिटीकोलीनमध्ये २०च्या आसपास. म्हणजे दोन्हींचे ३०० मिलिग्रॅम सारखे नव्हेत.

आणि ताटातलंही मोजा. एका मोठ्या अंड्यात जवळपास १५० मिलिग्रॅम कोलीन असतं. दिवसाला प्रौढ पुरुषाला ५५०, स्त्रीला ४२५ पुरेसं धरतात. रोज दोन-तीन अंडी खात असाल तर गोळीचा फरक कदाचित जाणवणारही नाही.

डोस वाढवायची घाई नको. मळमळ, भरपूर घाम, अंगाला माशासारखा वास आला की जास्त झालंय समजा. इतर औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. रॅसिटाम (स्मरणशक्तीसाठी म्हणून घेतली जाणारी औषधं) वगैरे नंतर बघू.