डागाळलेल्या दोराची ओढून तपासणी करू नका

परदेशातून मागवलेला तुमच्या गटाचा ६० मीटरचा डायनॅमिक (झटक्याला ताणला जाणारा) चढाईचा दोर पावसाळाभर गोदामात अडकून पडला, हाती आला तेव्हा पिशवी फाटलेली आणि वरच्या वेटोळ्यांवर तपकिरी डाग होते, आणि आता गटातील ज्येष्ठ म्हणतात की तो जीपला बांधून ओढू, चौघेजण लोंबकळून पाहू आणि टिकला तर सह्याद्रीतील तैलबैल्याच्या कातळभिंतीसाठी घेऊ, असे तुम्ही लिहिले आहे. आमचा गट याच पेचातून गेला आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो. मी अधिकृत तपासनीस नाही आणि तुमचा दोर मी पाहिलेला नाही. उत्पादकाचे माहितीपत्रक माझ्या शब्दापेक्षा वरचढ मानावे. तरीही माझे मत ठाम आहे. हा दोर चढाईत वापरू नका आणि ती ओढाओढही करू नका.

चौघांचे वजन मिळून तीनशे किलोच्या आसपास भरेल, म्हणजे दोरावर सुमारे ३ किलोन्यूटन (बल मोजण्याचे एकक) ताण येईल. लीड करणारा, म्हणजे सर्वांत पुढे चढणारा, पडतो तेव्हा येणारा झटका सहज त्याच्या दुप्पट असू शकतो आणि तो क्षणार्धात येतो. ईएन ८९२ या युरोपीय मानकानुसार सिंगल (एकटाच वापरायच्या) दोराची चाचणी ८० किलोचे वजन पाडून घेतात. पडण्याचे अंतर आणि उपलब्ध दोराची लांबी यांचे गुणोत्तर त्या चाचणीत १.७ ते १.८ च्या दरम्यान असते, पहिल्या झटक्यात १२ किलोन्यूटनपेक्षा जास्त बल येऊ द्यायचे नसते आणि दोराने असे किमान पाच झटके सोसायचे असतात. संथपणे ओढल्यावर दोर किती बलाला तुटतो, याची अट या मानकात मुळी नाहीच, कारण डायनॅमिक दोराचा गुण ताणले जाऊन पडण्याची ऊर्जा शोषण्यात आहे. त्यामुळे जीपच्या ओढीने तुम्हाला हव्या असलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही. उलट दोराची ताणले जाण्याची क्षमता नाहक खर्ची पडेल, हुकाच्या कडेवर दोराचे बाहेरचे आवरण दुखावेल आणि दोर तुटलाच तर त्याचे टोक उलट उसळून जवळ उभ्या असलेल्या माणसाला जखमी करील.

तुमच्या बाबतीत खरी भीती रसायनाची आहे. जर्मन अल्पाइन क्लबच्या सुरक्षा-संशोधनाचे काम दीर्घकाळ सांभाळणारे पिट शुबर्ट यांनी दोर तुटण्याच्या घटनांचा मागोवा घेतला, तेव्हा धारदार कडेवर कापले जाणे आणि गंधकाम्लाचा संसर्ग ही कारणे ठळकपणे पुढे आली. गंधकाम्ल म्हणजे बॅटरीतील अ‍ॅसिड. ते नायलॉनचे तंतू आतून कमकुवत करते आणि बाहेरून काहीही दिसले नाही तरी दोर मामुली झटक्याने तुटू शकतो. गुंडाळलेल्या दोरात द्रव एका वेटोळ्यातून दुसऱ्यात झिरपतो, म्हणून डागाची हद्द हीच नुकसानीची हद्द मानून तेवढाच भाग कापून टाकणेही मला पटत नाही. डाग चिखलाचा आहे हे निश्चित ठाऊक असते, तर कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवा, एवढेच मी सांगितले असते. येथे डाग कशाचा हे ठाऊक नाही, आणि सगळा प्रश्न तेवढ्यापुरताच आहे.

आमची सर्वांत मोठी हानी नेमकी याच ठिकाणी झाली. आमचे पार्सल ज्या कार्यालयाच्या गोदामात पडून होते, तेथील एका कामगाराने शेजारी इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांची खोकी रचलेली होती, असे तोंडी सांगितले. आम्ही त्या कार्यालयाकडे प्रथम भरपाईही मागितली नाही. पार्सलाशेजारी काय ठेवले होते आणि त्यातून काही सांडले का, एवढे एका ओळीत लेखी द्या, ही आमची विनंती होती. अर्ज एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर फिरत राहिला. कधी वेष्टन गोदामात येण्याआधीच फाटलेले होते असे उत्तर मिळाले, कधी नोंदवही दुसऱ्या विभागाकडे असल्याचे सांगितले गेले, आणि शेवटी एका अधिकाऱ्याने विचारले की दोरी तर अखंड आहे, मग नुकसान कशाचे झाले? त्या प्रश्नाचा मला आजही संताप येतो. दोर तुटलेला दिसत नाही हाच तर धोका होता, आणि तो समजून घेण्याची तयारी तेथे कोणाचीही नव्हती. चढाईचा हंगाम ऑक्टोबरपासून जेमतेम फेब्रुवारीपर्यंत चालतो. त्यातला चांगला भाग या पत्रव्यवहारात गेला, आणि गटातील विद्यार्थ्यांनी पैसे साठवून घेतलेला दोर एकदाही कातळाला न लागता निकामी ठरला.

दरम्यान कोणाच्या तरी सल्ल्याने तो दोर एका चाचणी केंद्रात नेला गेला. त्यांनी स्वच्छ दिसणाऱ्या टोकाकडून तुकडा कापला, यंत्रावर ओढून तोडला आणि तुटतानाचा आकडा सहीशिक्क्यानिशी दिला. तो कागद पाहून काही जणांना धीर आला. परंतु काडेपेटीतील एक काडी पेटली म्हणून उरलेल्या काड्या कोरड्या आहेत असे ठरत नाही, तसेच तोडलेला तुकडा मधल्या तीस मीटरविषयी काहीच सांगत नाही. उत्पादकाला पत्र पाठवल्यावर उत्तर स्पष्ट आले की अज्ञात रसायनाचा संपर्क शक्य असेल तर दोर बाद करावा. तुम्हीही प्रयोगशाळेच्या आधी उत्पादकालाच विचारा, कारण तेथे पैसेही लागत नाहीत.

घरी करता येते ती तपासणी वेगळी आहे आणि ती प्रत्येक मोहिमेनंतर करावी. भरपूर उजेडात संपूर्ण दोर हातातून सरकवा, वितावितावर इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवा, आणि एखादी जागा चपटी, लिबलिबीत, कडक किंवा फुगीर लागली तर तेथे थांबा. सह्याद्रीच्या बेसाल्टच्या कडा आवरण फार लवकर खातात, विशेषतः एकाच जागेवरून सगळ्यांनी रॅपलिंग (दोरावरून खाली उतरणे) केले असेल तर. या तपासणीत घासलेली जागा सापडते, अ‍ॅसिड सापडत नाही. म्हणून प्रत्येक दोराची वही ठेवा, आणि तीत उत्पादनाचे वर्ष, टोकावरील पट्टीचा क्रमांक, मोठे झटके, तो कोणाला उसना दिला आणि कोणत्या गाडीतून गेला, हे सगळे लिहा. माझ्या मते वही नसलेला दोर लीडसाठी घेऊच नये, मग तो कितीही नवा दिसो. घरी तो इन्व्हर्टरजवळ किंवा शौचालय धुण्याच्या अ‍ॅसिडच्या बाटलीशेजारी ठेवू नका. आपल्याकडच्या घरांत माळा आणि इन्व्हर्टर बहुधा शेजारीच असतात.

धातूच्या साहित्याचे त्या मानाने सोपे आहे. कॅराबिनरचे (दोर अडकवायच्या धातूच्या कडीचे) फाटक आपोआप व पूर्ण मिटते का, दोर घासून खोबण किती खोल गेली आहे आणि कड धारदार झाली आहे का, हे डोळ्याला आणि बोटाला कळते. मात्र विकत घेताना केवळ कोरलेल्या किलोन्यूटनच्या आकड्यावर विसंबू नका. सीई या युरोपीय खुणेसोबत चार अंकी क्रमांक आणि ईएन १२२७५ असा मानकाचा उल्लेख पाहा, आणि तरीही अनोळखी विक्रेत्याकडून स्वस्तात घेऊ नका. चढाईचे साहित्य बनवणाऱ्या पेटझल कंपनीला २०११ मध्ये आपल्या साहित्याच्या बनावट नकलांविषयी जाहीर इशारा द्यावा लागला होता, त्या नकलांवर खुणाही हुबेहूब होत्या.

आता तुमच्यापुरते. फाटलेल्या पिशवीची, डागांची आणि पार्सलावरील चिठ्ठीची छायाचित्रे काढून ठेवा, पिशवी फेकू नका, आणि विक्रेत्याकडे आजच लेखी तक्रार करा. गोदामाच्या उत्तराची वाट पाहू नका. पुढच्या वेळी पार्सल घेताना वेष्टन फाटलेले दिसले तर सही करण्यापूर्वी पावतीवर तसा शेरा लिहा. यंदाच्या तैलबैल्यासाठी ज्याची वही आहे असा दोर शेजारच्या गटाकडून उसना घ्या, त्यात कमीपणा नाही. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत हा दोर कुलपात ठेवा आणि त्यावर ठळक चिठ्ठी लावा, कारण मोहिमेच्या आदल्या रात्री सामान भरणाऱ्याला हा सगळा इतिहास ठाऊक नसतो. निकाल लागल्यावर त्याचे दीड-दोन मीटरचे तुकडे करून नवोदितांना गाठी शिकवायला द्या. त्याहून लांब तुकडा ठेवू नका, कोणीतरी तो अँकर (कातळावरचा आधार) बांधायला नेईल.