वाचकांचे प्रश्न : जिंकणारे गिऱ्हाईक कंपनीला नको असते का?

प्रश्न : माझा भाचा तीन वर्षांपासून इंग्लंडमध्ये लेस्टरला नोकरी करतो. तिथे क्रिकेटवर पैज लावणे कायदेशीर आहे, त्यामुळे तो मोबाइलवरून पैजा लावत असे आणि वहीत पैशापैशाचा हिशेब ठेवून वर्षभरात बऱ्यापैकी नफ्यात होता. मध्यंतरी एका काउंटी सामन्यावर त्याने 50 पौंड लावायला घेतले, तर ‘तुमच्यासाठी कमाल रक्कम 1 पौंड 84 पेन्स’ असे पडद्यावर उमटले. कारण विचारल्यावर ‘हा आमचा व्यावसायिक निर्णय आहे’ एवढे एका ओळीचे उत्तर आले. हरणाऱ्याकडून हवे तेवढे घ्यायचे आणि जिंकणाऱ्याला दाराबाहेर उभे करायचे, हा कुठला न्याय? त्याला दाद मागता येईल का?
— एक निवृत्त मुद्रणालय कर्मचारी, नाशिकरोड

उत्तर : तुमच्या भाच्यावर कोणी लबाडीचा आळ घेतलेला नाही, आणि हे त्याच्या एकट्याच्या बाबतीत घडले असेही नाही, ब्रिटनमधल्या अनेक सट्टा कंपन्यांची ही नित्याची रीत आहे. मात्र कंपनीला जिंकणारा माणूस नको असतो, हा तुमचा समज थोडा दुरुस्त करायला हवा.

जिंकण्याची शक्यता समसमान असलेल्या दोन संघांवर कंपनी 2.00 ऐवजी साधारण 1.90 असा भाव देते, म्हणजे जिंकल्यास लावलेल्या एका पौंडामागे 1.90 पौंड हाती येतात. दोन्ही बाजूंना शंभर-शंभर पौंड लागले, की 200 जमा होतात, 190 वाटले जातात आणि 10 गल्ल्यात राहतात. हा हिशेब भाव बरोबर असेपर्यंतच टिकतो. भाव सामन्याच्या काही दिवस आधी निघतो, सतत हलत राहतो आणि सामना सुरू होतानाचा शेवटचा भाव सर्वांत अचूक मानला जातो. भाच्याने मंगळवारी 2.20 या भावाने पैज घेतली आणि शनिवारी सामना सुरू होताना तोच भाव 2.00 वर आलेला होता, असे वारंवार घडू लागले, की त्याच्या खात्यावर खूण पडते आणि त्याची कमाल रक्कम घटवली जाते. त्यांतल्या काही पैजा तो हरला असला तरी फरक पडत नाही, कारण चुकलेला भाव तो कंपनीच्या आधी हेरतो, हे त्यातून दिसते.

लासलगावच्या लिलावात कांदा क्विंटलमागे दोनशे रुपयांनी चढल्याचे ज्याला फोनवरून आधी कळते आणि जो नेमका त्याच सकाळी रविवार कारंजावरच्या दुकानात येऊन कालच्या भावाने दहा पोती मागतो, त्या गिऱ्हाइकाला आपला दुकानदारही तिसऱ्या खेपेला ‘दोन किलोच मिळेल’ असे सांगेल. निदान तो कारण तोंडावर सांगतो.

खूण पडायला आणखीही निमित्ते असतात. काउंटीसारख्या कमी उलाढालीच्या सामन्यांवर कंपनीचा स्वतःचा अंदाज कच्चा असतो, त्यामुळे तिथे मोठी रक्कम लावणारा लगेच नजरेत येतो. 50 पौंडांऐवजी 47.36 अशी रक्कम लावणाराही येतो, कारण दोन कंपन्यांच्या भावांतला फरक गाठणाऱ्याच्या गणितातूनच असे आकडे निघतात. याउलट पाच सामन्यांची एकत्र पैज नशिबाने लागून मोठी रक्कम मिळालेल्या माणसाला सहसा मर्यादा येत नाही. त्याला फुकट पैजेची आमिषे दाखवली जातात, कारण तो परत येईल आणि ते पैसे इथेच घालवील, असा कंपनीचा होरा असतो. जाहिरात मात्र जाणकारीच्या नावाने केली जाते, आणि मला आक्षेपार्ह वाटते ते हेच.

कंपन्यांचे चुकलेले भाव हेरून जिंकता येते का, हे तोक्यो विद्यापीठातील एका संशोधकाने दोन सहकाऱ्यांसह करून पाहिले होते. कंपन्यांच्या सरासरी भावापेक्षा जिथे एखाद्या कंपनीचा भाव बराच जास्त दिसेल, तिथेच 50 डॉलर लावायचे, एवढीच त्यांची युक्ती. काही महिने नफा झाला आणि मग कंपन्यांनी त्यांच्या रकमांना कात्री लावली. 2017 साली त्यांनी ते सारे प्रसिद्ध केले.

2000 साली सुरू झालेल्या बेटफेअरवर माणसे एकमेकांविरुद्ध पैज लावतात आणि कंपनी फक्त दलाली घेते, त्यामुळे तिथे जिंकणाऱ्याला हाकलण्याचे कारणच उरत नाही, असे वाटेल; पण 2008 मध्ये तिनेही सतत जिंकणाऱ्यांवर जादा आकार बसवला आणि 2011 मध्ये सर्वांत यशस्वी ग्राहकांसाठी तो नफ्याच्या 60 टक्क्यांपर्यंत नेला.

आता दाद मागण्याविषयी. ब्रिटनच्या 2005 च्या जुगार कायद्याने स्वीकारलेली पैज न्यायालयात वसूल करता येते, परंतु पैज स्वीकारलीच पाहिजे अशी सक्ती कंपनीवर नाही. अशी सक्ती ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने 2014 मध्ये घोड्यांच्या शर्यतींपुरती आणली; तिथे ठरावीक रकमेपर्यंतची पैज नाकारता येत नाही. भाच्याने खात्यातली शिल्लक काढून घ्यावी, तो तिचा हक्कदार आहे. मित्राच्या नावाने खाते उघडण्याचा मोह मात्र टाळावा, कारण तो कराराचा भंग ठरतो आणि मग जिंकलेली रक्कमही अडकवून ठेवायला कंपनीला निमित्त मिळते.

प्रश्न : व्हॉट्सअॅपवरून मिळालेल्या ‘आयडी’वर, म्हणजे सट्ट्याच्या ऑनलाइन खात्यावर, मी क्रिकेटच्या पैजा लावत होतो. 40 हजार जिंकल्यावर समोरच्याने मला ब्लॉक केले. वसुलीचा दावा लावता येईल का?
— एक विद्यार्थी, पंचवटी

उत्तर : नाही. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 30 प्रमाणे पैजेचा करार शून्य ठरतो आणि जिंकलेल्या रकमेसाठी दावा चालत नाही. वरच्या पत्रातल्या भाच्याला मर्यादा तरी कळवली गेली. तुमच्या व्यवहारात तेवढेही सांगायला कोणी बांधील नव्हते. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने असे पैशांचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. नुसत्या खेळणाऱ्याला त्या कायद्यात शिक्षा नाही. राज्याचा 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा मात्र वेगळा आहे, म्हणून आधी वकिलाचा सल्ला घ्या. तुम्ही स्वतः भरलेले पैसे फसवून घेतले गेले असतील, तर त्यांच्यापुरती तक्रार 1930 या सायबर मदत क्रमांकावर करता येते, आणि त्यासाठी त्या माणसाशी झालेले संभाषण व पैसे पाठवल्याच्या पावत्या आजच जपून ठेवा.