घरच्या एकाच पीसीवर विंडोज आणि उबुंटू दोन्ही कसं टाकावं? माझं टॅली विंडोजवर आहे, मुलाला इंजिनिअरिंगसाठी लिनक्स हवंय.

टॅलीला धक्का न लावता दोन्ही ठेवता येतं. पण मुलाला आत्ता फक्त सी आणि पायथनची प्रॅक्टिकल्स करायची असतील, तर विंडोजमध्येच डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय) चालू करून द्या. बरंचसं काम तेवढ्यात भागतं आणि डिस्कला हातही लावावा लागत नाही.

पूर्ण उबुंटूच हवं असेल आणि मदरबोर्डवर जागा असेल, तर सरळ दुसरी एसएसडी घ्या. 256 जीबीची पुरे. इन्स्टॉल करताना मात्र विंडोजची डिस्क काढून ठेवा. उबुंटूचा इन्स्टॉलर कधीकधी आपला बूटलोडर (मशीन सुरू होताना सिस्टीम चालू करणारा छोटा प्रोग्रॅम) विंडोजच्याच ईएफआय पार्टिशनमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या बूट फाइल्सच्या कप्प्यात, नेऊन टाकतो, मग डिस्क वेगळ्या असूनही दोघं एकमेकांत अडकतात. नंतर कुठलं चालू करायचं ते बूट मेन्यूतून निवडायचं. त्याची की बऱ्याच मशीनवर एफ12 असते, काहींवर एफ11 किंवा एफ8.

एकाच डिस्कवर करायचं असेल तर टॅलीचा डेटा आणि फोटो आधी बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, मगच पुढचं. विंडोज 11 च्या अनेक मशीनवर डिस्क एन्क्रिप्ट झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताच नसतो. बूटमध्ये काही बदललं की निळा स्क्रीन येतो आणि बिटलॉकरची (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्ट करणारं कुलूप) 48 आकडी रिकव्हरी की मागतो. ती मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये सापडते. आजच कागदावर उतरवून ठेवा.

दुसरी भानगड फास्ट स्टार्टअपची. तो चालू असताना शट डाउन केलेलं विंडोज खरं म्हणजे अर्धवट झोपलेलं असतं, त्यामुळे उबुंटू ती ड्राइव्ह फक्त वाचू देतं, लिहू देत नाही. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समधून तो बंद करा.

जागा विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच कमी करा: सी ड्राइव्हवर राइट क्लिक, श्रिंक व्हॉल्यूम. शंभर जीबी मोकळे दिसत असूनही वीसच द्यायला तयार होतं, कारण पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती फाइल) आणि रिस्टोअर पॉइंट (सिस्टीम मागे नेण्यासाठी साठवलेल्या प्रती) मध्येच ठाण मांडून बसलेले असतात. ते तात्पुरते बंद करून मशीन रीस्टार्ट करा आणि पुन्हा बघा. मोकळी झालेली जागा तशीच सोडा, तिथे नवी ड्राइव्ह बनवू नका. इन्स्टॉलरमध्ये ‘इरेज डिस्क’ला चुकूनही हात लावायचा नाही; विंडोजच्या शेजारी इन्स्टॉल करायचा पर्याय घ्यायचा.

सगळं नीट झाल्यावर एक दिवस विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. बॅटरी बदलायला धावू नका. मदरबोर्डच्या घड्याळातली वेळ विंडोज भारतीय समजतं, लिनक्स यूटीसी (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागची जागतिक वेळ) समजतं, एवढंच. उबुंटूच्या टर्मिनलमध्ये ‘timedatectl set-local-rtc 1’ ही कमांड दिली की दोघांचं जुळतं.