१/७२ मापाच्या ॲव्ह्रो ॲरो (कॅनडाचं १९५० च्या दशकातलं लढाऊ जेट) किटमधून काल्पनिक टेहळणी विमान करायचंय. नाकावर खिडक्यांची डिकॅल्स (पाण्याने चिकटवायची छापील चित्रं) लावली तर चालेल का?

कपाटात मागच्या रांगेत ठेवणार असाल तर चालेल. हातात घेऊन बघायचं मॉडेल असेल तर नाही. गोल नाकावर चिकटवलेले काळे चौकोन काळे चौकोनच दिसतात, कारण खऱ्या कॅमेरा-खिडकीची काच सपाट असते. वक्र काचेतून प्रतिमा वाकडी येते, म्हणून आरएफ-१०१ व्हूडू या टेहळणी विमानाचं नाक कोनाकोनांचं झालं आणि आरएफ-८ क्रुसेडर या दुसऱ्या टेहळणी विमानाची पोट-कुशी कॅमेऱ्यांपाशी सपाट झाली. आधी ती सपाटी करा, काच नंतर.

प्लास्टिकला करवत लावण्यापूर्वी विमानाचं काम ठरवा. ॲरो पहिल्यांदा २५ मार्च १९५८ ला उडालं, २० फेब्रुवारी १९५९ ला कार्यक्रम रद्द झाला आणि जेमतेम पाच विमानं उडाली. तुमचं विमान पूर्ण काल्पनिक आहे, म्हणजे चूक काढणारं कोणी नाही असं वाटेल. पण बघणाऱ्याला तर्क लगेच कळतो. एवढा मोठा त्रिकोणी पंख उंचावरून, वेगात जाण्यासाठी आहे. झाडांच्या शेंड्यांवरून जाणारं हिरवं-करडं ॲरो माझ्या मते पटत नाही. सीमेच्या अलीकडून, उंचावरून तिरकं पलीकडे बघणारं पटतं. म्हणजे लांब फोकसचा कॅमेरा, बाजूच्या खिडक्या आणि फिकट रंग.

आता मापं. त्या काळात ३६ इंची लेन्सचे के-३८ हे हवाई टेहळणीचे कॅमेरे वापरात होते, निगेटिव्ह ९ × १८ इंचांचं. ३६ इंच म्हणजे ९१४ मिमी, १/७२ ला १२.७ मिमी. ॲरोच्या नाकात ही लेन्स आडवी मावणार नाही. मग ती नाकाच्या लांबीत ठेवायची आणि पुढे ४५ अंशांत आरसा लावून बाजूला बघायचं. खिडकी खऱ्या विमानात साधारण ३५ सेमीची धरा, म्हणजे मॉडेलवर ५ मिमी. लेन्सची चकती २ मिमी पुरते. नवखी मंडळी खिडक्या ८-१० मिमीच्या करतात आणि विमान प्रवासी बससारखं दिसायला लागतं.

नाक असं करा. रेडोमच्या (नाकाचं रडार झाकणारं टोक) मागच्या पॅनेल रेषेवर, म्हणजे पत्र्यांच्या जोडाच्या कोरीव रेषेवर, बारीक करवतीने सरळ कापा. कापण्याआधी वर, खाली आणि दोन्ही बाजूंना पेन्सिलीने मध्यरेषा ओढून ठेवा, नाहीतर नवं नाक किंचित तिरकं बसतं आणि ते प्राइमर मारल्यावरच कळतं. नवं नाक तीन तुकड्यांचं: मागे १ मिमी प्लास्टिक शीटचे थर चिकटवून केलेला ठोकळा, मध्ये पारदर्शक भाग, पुढे टोक. थरांना पातळ सॉल्व्हंट सिमेंट वापरत असाल तर किमान दोन-तीन दिवस सुकू द्या. घाई केली तर आतलं सॉल्व्हंट हळूहळू उडतं, प्लास्टिक आकसतं आणि रंगवून झाल्यावर थरांच्या रेषा वर येतात.

मधल्या पारदर्शक भागावर सगळं मॉडेल उभं आहे, तिथे वेळ द्या. जाड ॲक्रिलिकचे दोन त्रिकोणी ठोकळे कापा, डावा आणि उजवा. नाकाची तिथली रुंदी मोजा. १४ मिमी असेल तर ठोकळ्याच्या काटकोनातल्या दोन्ही बाजू ७ मिमीच्या. एक बाजू बाहेर येईल, दुसरी मागे तोंड करून राहील आणि तिरकी बाजू आत, पुढच्या कडेपासून मागे मध्यरेषेकडे जाईल. तिन्ही बाजू चकचकीत करा. मागच्या बाजूवर गडद निळ्या-जांभळ्या रंगाची २ मिमीची चकती रंगवा, कारण लेन्सच्या लेपाला तशी झाक असते. भोवती मॅट काळा. तिरक्या बाजूला ॲल्युमिनियम फॉइल पारदर्शक इपॉक्सीने चिकटवा. बुडबुडा राहिला तर बाहेरून राखाडी ठिपका दिसतो. बाजूने बघितल्यावर आता फॉइलमध्ये लेन्स दिसेल, खऱ्या रचनेसारखी. दोन ठोकळ्यांऐवजी एकच आरपार ठोकळा लावू नका. डाव्या खिडकीतून उजवीकडचा उजेड दिसतो आणि सगळी मजा जाते.

हे किचकट वाटत असेल तर ठोकळ्याची आतली बाजू सरळ ठेवा, काळी करा आणि तिथेच चकती रंगवा. ऐंशी टक्के परिणाम मिळतो.

जोडताना सुपरग्लू टाळा, त्याच्या वाफेने पारदर्शक भागावर पांढरी धूसर साय येते. इपॉक्सी वापरा. दोन ठोकळ्यांच्या पुढची पाचरीसारखी पोकळी इपॉक्सी पुट्टीने भरा.

आता घासकाम. ॲक्रिलिक किटच्या पॉलिस्टायरिनपेक्षा कठीण असतं. बोटावर पॉलिश पेपर धरून घासलंत तर प्लास्टिक खाली जातं आणि ठोकळा उंचवट्यासारखा राहतो. पेपर स्टीलच्या पट्टीवर चिकटवा आणि ठोकळा, प्लास्टिक एकाच झटक्यात घासा. सपाट पैलूची कड धारदार राहायलाही पट्टीच लागते. पृष्ठभागावर मार्कर फासून घासलं की खोलगट जागी शाई उरते. ४००, ८००, १५००, २५०० असे पेपर पाण्यासोबत, मग पॉलिशिंग पेस्ट. आधीच्या पेपरचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा घेऊ नका. खोल ओरखडा पेस्टने जात नाही, फक्त चमकतो.

दोन्ही बाजूंचे पैलू सारखे यायला एका बाजूचा पुठ्ठ्याचा साचा करा आणि उलटून दुसरीकडे लावा.

पोटाखालचं काम सोपं आहे. ॲरोच्या क्षेपणास्त्रांचा कप्पा हा मुळातच काढता-घालता येणारा पॅक होता, त्यामुळे तिथे कॅमेरा पॅक बसवणं हा या मॉडेलमधला सर्वात पटणारा बदल. तीन खिडक्या, ४-४ मिमीच्या: एक सरळ खाली, दोन तिरक्या. ०.५ मिमी पारदर्शक शीट, मागे काळी डबी. फिल्मची मॅगझिन्स (फिल्मच्या डब्या) काढायला झाकणं हवीतच, ती लोक विसरतात. जाड लेबल टेप लावून नाकावर एक आणि पॅकवर दोन आयताकृती रेषा कोरा. झाकण पुट्टीवर येत असेल तर आधी पातळ सुपरग्लूचा हात द्या, नाहीतर रेषेची कड भुगा होऊन तुटते. हे खिडक्यांपासून लांब आणि मॉडेल उघड्यावर ठेवून करा.

मॉडेल शेपटीवर बसू नये म्हणून पुढे वजन भरावं लागतं. हा प्रश्न इथे खरा आहे, कारण नाकातली जागा ठोकळ्यांनी खाल्ली. मॉडेल चिकटवण्याआधी टेपने बांधा, मुख्य चाकांच्या जागी खाली पेन्सिल ठेवा आणि नाक खाली झुकेपर्यंत कॉकपिटवर वजन ठेवत जा. ते वजन चाकांपासून निम्म्या अंतरावर ठेवायचं झालं तर दुप्पट लागतं, म्हणून कॉकपिटच्या फरशीखालची जागा सर्वात आधी भरा. शिसं पांढऱ्या फेविकॉलछाप डिंकात बसवू नका. शिशावर पांढरा क्षार चढतो, तो फुगतो आणि काही वर्षांनी जोड उकलतो. इपॉक्सीत बसवा.

रंग आणि खुणांसाठी एक वर्ष ठरवा. १९६४ घेतलं तर शेपटीवर रेड एन्साइन (कॅनडाचा तेव्हाचा लाल झेंडा) हवा. मेपल पानाचा झेंडा १५ फेब्रुवारी १९६५ पासूनचा आहे, आणि ही चूक सर्वात जास्त दिसते. स्क्वाड्रन म्हणून कॅनडाच्या हवाई दलाचं ४३९ चांगलं: फ्रान्समधल्या मार्व्हिल तळावर ते सीएफ-१०४ या जेट विमानावरून टेहळणीच करत होतं, त्यामुळे १/७२ सीएफ-१०४ च्या डिकॅल शीटवरून बरंच काही उचलता येईल. अनुक्रमांक २५२०१ ते २५२०५ खऱ्या विमानांचे, ते सोडा. सेवेतलं विमान मार्क २ (ॲरोची पुढची आवृत्ती) असणार, म्हणजे ओरेंडा इरोक्वॉय इंजिनं. किट मार्क १ चं असेल तर शेपटीकडचा भाग चित्रांशी ताडून बघा.

खिडक्यांवर मास्किंग टेपचे ५ मिमीचे चौकोन लावा. आधी काळा रंग, म्हणजे काचेतून आतली कड काळी दिसेल, मग पांढरा किंवा धातूचा. वॉर्निश पूर्ण सुकलं की नव्या पात्याने टेपच्या कडेने हलकी रेघ मारून मगच टेप उचला. तसंच ओढलंत तर रंगाचा पापुद्रा सोबत निघतो, आणि तो नेमका त्या धारदार कडेवरच.