सहाशे डॉलरचं बाथरूम आणि दीड हजाराची पॉलिसी

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही जर्सी सिटीत, जर्नल स्क्वेअरजवळ भाड्याने राहतो. दोन बेडरूम, एक बाथरूम, ८५० चौरस फूट, भाडं २,९५० डॉलर. मी, बायको, सात वर्षांची मुलगी आणि वर्षातले सहा महिने आई-बाबा. सकाळी मुलीची शाळा आणि माझी पाथ ट्रेन एकाच वेळी, म्हणून बाबा (वय ७१) पहाटे पाचला उठून आपलं सगळं उरकून घेतात. याच बिल्डिंगमध्ये दोन बाथरूमचा ९३० चौरस फुटांचा फ्लॅट ३,५५० ला मिळतोय. पण नुसत्या बाथरूमसाठी महिना सहाशे जास्त देणं जिवावर येतं. बाबा तर म्हणतात, गिरगावच्या चाळीत आम्ही सगळ्या मजल्याला मिळून दोन संडासांत दिवस काढले. त्यापेक्षा एडिसनला अडीच बाथचं (दोन पूर्ण बाथरूम आणि जास्तीचा एक संडास-बेसिन) टाउनहाऊस ६,४०,००० ला घ्यावं का? की ५,६०,००० चं एका बाथरूमचं जुनं घर घेऊन बेसमेंटमध्ये दुसरं काढावं? एक हँडीमन १५ हजारांत करून देतो म्हणतो. टाउनहाऊसच्या डाउन पेमेंट आणि क्लोजिंगला (खरेदीच्या कागदपत्रांचा खर्च) १,४३,००० लागतील : बचत ६२ हजार, लाइफ पॉलिसीत साठलेले ४८ हजार (त्यावर टॅक्स-फ्री कर्ज मिळतं) आणि उरलेले ३३ हजार बाबा ठाण्यातली एफडी मोडून देणार आहेत. पगार दीड लाख, मी एच-वन-बीवर (नोकरीशी बांधलेला व्हिसा), बायकोला अजून वर्क परमिट नाही. घरं इथे वर्षाला आठ टक्के वाढतातच, म्हणून घाई करावीशी वाटते.

उत्तर : तुमचं पत्र आल्यावर मी तुमच्याकडून दोन कागद मागवून घेतले, पॉलिसीचं शेवटचं वार्षिक स्टेटमेंट आणि पगाराची स्लिप. ते बघितल्यावर बाथरूमचं उत्तर पाच मिनिटांत देता आलं. बाकीचा वेळ त्या कागदांवरच गेला आणि हे उत्तरही तसंच होणार आहे.

आधी बाथरूम. अमेरिकेतलं नेहमीचं पूर्ण बाथरूम पाच बाय आठ फुटांचं, म्हणजे ४० चौरस फूट. तुमच्या आताच्या फ्लॅटचं भाडं फुटाला साडेतीन डॉलर पडतं. नव्या फ्लॅटमध्ये ८० फूट वाढतात आणि सहाशे डॉलर वाढतात, म्हणजे वाढीव फुटाला साडेसात. दुपटीहून जास्त. ही काही घरमालकाची लूट नाही. बाथरूम ही इमारतीतली सर्वांत महाग जागा असते : पाण्याचे आणि सांडपाण्याचे उभे पाइप, हवा बाहेर नेणारा पाइप, वॉटरप्रूफिंग, फरशी, आणि तासाचे पैसे मोजून घेणारा प्लंबर. त्यामुळे बांधणारे एकाच भिंतीच्या दोन्ही बाजूंना आणि मजल्यामागून मजला एकावर एक बाथरूम काढतात. जुन्या इमारतीत नंतर वाढवता येत नाही ते यामुळेच. नदीपलीकडे मॅनहॅटनच्या को-ऑप सोसायट्या तर खालच्याच्या बेडरूमवर किंवा हॉलवर तुमचं बाथरूम येऊ देत नाहीत. म्हणून जो फ्लॅट मुळातच दोन बाथरूमचा बांधला गेलाय, त्याला हा भाव मिळतो. शिवाय दोन बेडरूमना दोन बाथरूम असली की दोन अनोळखी रूममेट्स भाडं वाटून घ्यायला तयार होतात. तुम्ही त्यांच्याशी स्पर्धा करताय.

आता तुमच्या घरात बघू. वर्षाचे ७,२०० डॉलर. आई-बाबा असतात साधारण १८० सकाळी. म्हणजे त्यांच्या मुक्कामातल्या प्रत्येक सकाळचे ४० डॉलर. महाग आहे, मान्य. पण ज्या वयात रात्री दोन-तीनदा उठावं लागतं त्या वयाचा माणूस नातीची शाळा चुकू नये म्हणून पाचचा गजर लावतोय, हीसुद्धा किंमतच आहे, आणि ती सध्या एकटे बाबा भरताहेत. चाळीचा दाखला ते तुमचं मन राखायला देतात. इथेही तसंच होतं. न्यूयॉर्कमध्ये नव्या भाड्याच्या इमारतींत प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र संडास सक्तीचा झाला तो १९०१ च्या कायद्याने, आणि १९४० च्या जनगणनेत देशातल्या जवळपास ४५ टक्के घरांत गरम-गार पाणी, न्हाणी आणि संडास ही तिन्ही एकत्र नव्हती. लोकांनी दिवस काढले. म्हणून ते काढतच राहावेत असं नाही.

माझं मत : तो फ्लॅट घ्या. या भागात घरमालक भाड्याच्या चाळीसपट वार्षिक उत्पन्न बघतात. ३,५५० चे चाळीसपट १,४२,००० होतात आणि तुमचा पगार त्यात बसतो.

सहाशे आणायचे कुठून? ते तुमच्याकडे आहेत. तुम्ही महिन्याला दीड हजार चुकीच्या ठिकाणी भरताय.

तुमच्या पत्रात पॉलिसीचा उल्लेख कंसाच्या आसपास, जाता जाता आलाय. कागदावर तिचं नाव आहे इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ, म्हणजे विमा आणि शेअर निर्देशांकाशी जोडलेली बचत एकत्र. महिना १,५०० डॉलर, साडेतीन वर्षं, एकूण ६३ हजार भरून झाले. अकाउंट व्हॅल्यू ४८ हजार. हाच आकडा तुम्ही धरलात. त्याच पानावर तीन ओळी खाली सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे आज पॉलिसी मोडली तर हातात येणारी रक्कम, आहे : २६ हजार. मधले २२ हजार हा सरेंडर चार्ज. तो दहा-पंधरा वर्षांत हळूहळू शून्यावर येतो. तोपर्यंत ते पैसे तुमचे नाहीत. कर्जसुद्धा सरेंडर व्हॅल्यूच्या आतच मिळतं, आणि त्या कर्जावर व्याज लागतं. तुमच्या डाउन पेमेंटच्या हिशोबातले २२ हजार मुळात नव्हतेच.

विकणाऱ्याने तुम्हाला काय सांगितलं हे मला न विचारताच ठाऊक आहे, कारण अशी पत्रं मला दर महिन्याला येतात. बाजार वर गेला तर फायदा, पडला तरी शून्याच्या खाली नाही, निवृत्तीनंतर टॅक्स-फ्री उत्पन्न. आता कागद बघा. तुमच्या पॉलिसीत कॅप, म्हणजे वर्षाला मिळू शकणाऱ्या वाढीची कमाल मर्यादा, साडेनऊ टक्के आहे. २०२३ मध्ये एस अँड पी ५०० (अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांचा शेअर निर्देशांक) सुमारे २४ टक्के वाढला, २०२४ मध्ये सुमारे २३. अशा वर्षांत तुमच्या पदरात जास्तीत जास्त साडेनऊ. शिवाय त्यात शेअरचा लाभांश धरत नाहीत. आणि ज्या वर्षी शून्य मिळेल त्या वर्षीही विम्याचा खर्च, प्रशासनाचा खर्च, हप्त्यावरचा खर्च कापला जातोच, म्हणजे खात्यातली रक्कम घटतेच. विम्याचा खर्च वयाबरोबर चढत जातो. ज्या रंगीत तक्त्यात पासष्टाव्या वर्षी तुम्ही लखपती दिसता, त्याच्या वर "नॉन-गॅरंटीड" असं छापलेलं आहे. शेजारचा "गॅरंटीड" रकाना तुम्हाला कुणी वाचून दाखवला का? त्या रकान्यात तुमची पॉलिसी सत्तरीच्या आत संपते. विकणाऱ्याला मात्र पहिल्या वर्षाच्या हप्त्याचा मोठा वाटा कमिशन म्हणून कधीच मिळून गेला. तो मंडळाच्या गणपतीत भेटला, मराठी बोलला, तुमच्या घरी पोहे खाऊन गेला, आणि तुम्ही सही केलीत. मला याचा राग येतो आणि तो मी लपवणार नाही.

पण त्याहून मोठं नुकसान पगाराच्या स्लिपवर आहे. हा हप्ता परवडावा म्हणून तुम्ही ४०१-के (पगारातून भरायचं निवृत्तीचं बचत खातं) बंद केलंत. तुमची कंपनी पगाराच्या सहा टक्क्यांपर्यंत तुम्ही भराल त्याच्या निम्मे घालते. सहा टक्के म्हणजे ९,०००, निम्मे ४,५००. वर्षाला साडेचार हजार फुकट मिळत होते, ते तुम्ही नको म्हणालात. साडेतीन वर्षांत जवळजवळ सोळा हजार. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं म्हणतात ते हेच. पॉलिसीतला तोटा ३७ हजार, यात हे सोळा मिळवले की पन्नास हजारांच्या वर. घराला एक अख्खं नवीन बाथरूम, नीट परवाना काढून, जोडायला साधारण एवढेच लागतात.

आता दीड हजारांचं काय करायचं ते बघा. तुम्हाला विमा हवाच, कारण घरात कमावणारे एकटे तुम्ही. वीस वर्षांचा, दहा लाख डॉलरचा साधा टर्म प्लॅन घ्या, म्हणजे ठरावीक वर्षांपुरता नुसता विमा, बचत नाही. चाळिशीच्या आतल्या, धूम्रपान न करणाऱ्या, निरोगी माणसाला महिना साधारण ७० डॉलर पडतो. ४०१-के पुन्हा सहा टक्क्यांवर सुरू करा. पगारातून ७५० जातील, पण टॅक्स वाचल्यामुळे हातातले ५५० च कमी होतील. बाथरूमचे ६००. एकूण १,२२०. तरी २८० उरतात, आणि कंपनीचे महिना ३७५ वेगळेच. म्हणजे दुसरं बाथरूम, पूर्ण विमा आणि निवृत्तीची सुरुवात, हे सगळं आताच्याच हप्त्यात बसतं.

क्रम मात्र चुकवू नका. टर्म प्लॅनची वैद्यकीय तपासणी होऊन पॉलिसी हातात येईपर्यंत जुनी बंद करायची नाही. तपासणीत साखर निघाली आणि जुनी आधीच मोडलेली असली तर पंचाईत होईल. टर्म हातात आला की सरेंडर करा. ३७ हजारांचा तोटा टॅक्समध्ये वजा मिळत नाही, हेही आत्ताच सांगते, नंतर वाईट वाटायला नको. "अजून दोन वर्षं भरा, मग चार्ज कमी होईल" असं तो सांगेल. दोन वर्षांत तुम्ही आणखी ३६ हजार भराल आणि चार्ज फार तर चार-पाच हजारांनी उतरेल.

राहिलं घर. तुमच्याकडे खरे पैसे आहेत ६२ अधिक २६, म्हणजे ८८ हजार. त्यातले ३० हजार हलवायचे नाहीत. एच-वन-बीवर नोकरी गेली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि ६० दिवसांत घर विकून होत नाही. क्लोजिंगचे १५ गेले की डाउन पेमेंटला उरतात ४३, म्हणजे सात टक्केही नाही. वर पीएमआय (वीस टक्क्यांहून कमी भरलं की कर्जावर लागणारा विमा) लागेल. बरं, वीस टक्के भरलेत असं धरलं तरी साडेसहा टक्क्यांनी ५,१२,००० च्या कर्जाचा हप्ता ३,२४०, प्रॉपर्टी टॅक्स ९५०, एचओए (सोसायटीचा मेंटेनन्स) आणि विमा ४५० : साडेचार हजारांच्या वर. तुमच्या हातात महिन्याला येतात नऊ हजार. अर्ध्याहून जास्त पगार घरात. आठ टक्के वाढीचं म्हणाल तर गेल्या पाच-सहा वर्षांत वाढली घरं, खरं आहे. पण २००६-०७ च्या सुमाराला न्यू जर्सीत ज्यांनी घर घेतलं, त्यांना तीच किंमत पुन्हा दिसायला दहा वर्षांहून जास्त लागली. माझे कित्येक क्लायंट तेव्हा अडकले होते.

बाबांच्या एफडीला हात लावू नका. ३३ हजार डॉलर म्हणजे अंदाजे ३० लाख रुपये. इतके एका वर्षात पाठवले की दहा लाखांवरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर) कापला जातो, म्हणजे चार लाख रिटर्न भरून परत येईपर्यंत अडकतील. पण माझी हरकत टीसीएसला नाही. त्या एफडीच्या व्याजावर ठाण्यातलं घर चालतं. तुमच्या पॉलिसीतल्या छिद्राला ते पैसे ठिगळ म्हणून लावायचे नाहीत.

बेसमेंटचा विचार सोडा. तळघर बहुधा गटाराच्या पाइपाच्या खाली असतं, त्यामुळे मैला वर ढकलायला जमिनीत टाकी आणि पंप बसवावा लागतो, काँक्रीट फोडावं लागतं. १५ हजारांत परवान्यासकट हे होत नाही, हँडीमन परवाना न काढताच करणार आहे. आमचं पहिलं घर असंच होतं. खाली छान टाइल्स लावलेलं बाथरूम, आधीच्या मालकाने काढलेलं. विकायला काढलं तेव्हा गावच्या इन्स्पेक्टरने कागद मागितले. कागद नव्हते. भिंत फोडून पाइप दाखवावे लागले, पुन्हा बांधावी लागली, विक्री सात आठवडे लांबली. आणि अप्रेझर (घराची किंमत ठरवणारा) तळघराचं क्षेत्रफळ घराच्या मुख्य क्षेत्रफळात धरत नाही. खालचं बाथरूम तो वेगळ्या रकान्यात लिहितो, त्याला वरच्याइतका भाव देत नाही.

या आठवड्यात विमा कंपनीकडून आजच्या तारखेची सरेंडर व्हॅल्यू लेखी मागवा, आणि एचआरला ४०१-के पुढच्या पगारापासून सुरू करायला सांगा. बिल्डिंगच्या ऑफिसमध्ये दीड बाथचा फ्लॅट आहे का तेही विचारा. जास्तीचा एक संडास आणि बेसिन, भाडं सहसा दोन पूर्ण बाथपेक्षा कमी. सकाळच्या गर्दीत तेवढ्यानेही भागतं.

दोन पूर्ण बाथचाच घेतलात तर सही करण्याआधी आत जाऊन बघा : एकात तरी टबऐवजी सपाट शॉवर असावा. टबचा काठ पंधरा-सोळा इंच उंच असतो आणि बाबांना ओल्या पायाने तो ओलांडायचा आहे. दोन्हीकडे टबच असला तर भिंतीला आधाराचा दांडा लावायची परवानगी घरमालकाकडून लीजमध्येच लिहून घ्या. टॉवेल टांगायचा दांडा धरून लोक उठतात, तो माणसाचं वजन पेलत नाही.